मोघ्यांची गाडी मागे येत आहे

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इंदूरलगतच्या राऊमधल्या एका कॉलनीत, घरासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीतून गणपतीच्या आरतीची धून सुरू झाली. गाडीत कोणी नव्हतं. किल्ली घरात खुंटीला होती. गाडीचे मालक लक्ष्मीकांत मोघे उघड्या बॉनेटपाशी हातात पाना घेऊन उभे होते. आपण एका घराची बेल वाजवावी आणि दार शेजारच्या घराचं उघडावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ही धून गाडी मागे घेताना, आणि फक्त मागे घेतानाच, वाजायची होती. मोघ्यांनी आत्ता केवळ बॅटरीची तार जोडली होती. गाडी मागे जात नव्हती, पुढेही जात नव्हती. ती जागच्या जागी उभी राहून आरती करत होती.

मोघ्यांना घाम फुटला. सकाळ गार होती, तरी फुटला. कारण आज दुपारी चार वाजता जुन्या गाड्या विकत घेणारा माणूस यायचा होता, आणि तो येऊ नये यासाठीच हा सगळा उपद्व्याप होता.

झालं होतं असं, की गुरुवारी इंदुरातल्या बडा गणपतीच्या देवळाजवळच्या एका गल्लीतून गाडी मागे काढताना मोघ्यांनी ती एका ओट्याला घासली. मागचा दिवा फुटला, ओट्याची कड उडाली. ती गल्ली पुढे बंद आहे. गाडी आत जाते तोंडाने आणि बाहेर येते पाठीने. गल्लीच्या टोकाच्या घरात, पहिल्या मजल्यावर, मोघ्यांच्या बायकोची, म्हणजे प्रमोदिनीबाईंची, थोरली बहीण कुमुदिनीताई राहतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या जिना उतरलेल्या नाहीत. प्रमोदिनीबाई दर गुरुवारी आणि रविवारी जाऊन त्यांचे केस धुतात, वेणी घालतात, आणि दोघी मिळून हयात नातेवाइकांचा समाचार घेतात. प्रमोदिनीबाईंच्या गुडघ्यांना नाक्यापासून दारापर्यंतची चाल झेपत नाही, आणि टॅक्सीवाले ती गल्ली नकाशावर बघूनच फोन ठेवतात. थोडक्यात, गाडी आहे तोवर बहीण आहे.

ओट्याच्या मालकाने फोटो काढून मोघ्यांच्या मुलाला, सुजयला, बेंगळुरूला पाठवला. गाडी राऊला पोचण्याआधी फोटो बेंगळुरूला पोचला होता.

"बाबा, हे तिसऱ्यांदा," सुजय फोनवर म्हणाला.

"दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी गाय मागे सरकली होती."

"बाबा, प्लीज. मी रविवारी सकाळच्या फ्लाइटने येतोय. चार वाजता माणूस गाडी बघायला येईल. बस्स झालं आता."

प्रमोदिनीबाईंनी फोन हिसकावून घेतला. "आणि ताईकडे मी काय उडत जाऊ? तिचे केस काय तुझा तो माणूस धुणार आहे?"

मग सुजय म्हणाला, "ठीक आहे. रविवारी मी गाडीत बसतो. मावशीच्या गल्लीतून बाबांनी गाडी कुठेही न लागता बाहेर काढली, तर मी त्या माणसाला नाही सांगतो. पण टच झाली ना, तर गाडी गेली. मग कोणी रडायचं नाही."

"मंजूर," मोघे म्हणाले. हा शब्द त्यांनी नोकरीत इतरांच्या रजेच्या अर्जावर खूप वेळा लिहिला होता. तेव्हा तो सोपा होता.

मोघे वीज मंडळातून निवृत्त झाले होते. बिलांच्या विभागातून, पण हा तपशील ते सहसा देत नसत. कॉलनीत कुठे दिवा गेला की लोक त्यांच्याकडे बघायचे आणि ते नजर चुकवायचे नाहीत. शिवाय दुरुस्तीची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. दोन पुड्यांतला लेप एकत्र मळायचा, भेगेत भरायचा आणि हात लावू नका म्हणून सगळ्यांना बजावायचं. लेप वाळला की दगड होतो. मोघ्यांच्या घरात नळाची मूठ, मिक्सरचं झाकण, देवघराचा एक पाय आणि प्रमोदिनीबाईंच्या चष्म्याची डावी काडी ही सगळी त्या लेपावर उभी होती. नळ पूर्ण बंद होत नसे, पण निघूनही येत नसे.

तेव्हा गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा स्वतःच बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. दुकानात गेलं की दुकानदार विचारणार, काय साब, ठोकली का? हा प्रश्न ऐकायची त्यांची तयारी नव्हती. समोरच्या घरातल्या टाइल्सचा धंदा करणाऱ्या अर्पितने, म्हणजे इंदुरी बोलीत अर्पित भियाने, त्यांना दुजोरा दिला.

"काका साब, दस मिनट का काम है. मैं वीडियो भेजता हूँ, देख के लगा लो. आप तो वैसे भी बिजली वाले हो."

शेवटच्या वाक्याने मोघ्यांचा निर्णय पक्का झाला.

व्हिडिओ दुसऱ्याच गाडीचा होता, हे व्हिडिओच्या शेवटी कळत होतं. मोघ्यांनी शेवट पाहिला नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यात आणखी एक वस्तू फुकट आली होती: गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा. त्याला धून निवडायचं एक बटण होतं. कुत्र्याचं भुंकणं, लहान मुलाचं रडणं, एक बाई इंग्रजीतून सावध करते आहे, आणि गणपतीची आरती. पहिल्या तीन गोष्टी सभ्य घराला शोभणाऱ्या नव्हत्या. मोघ्यांनी आरती निवडली आणि प्रमोदिनीबाईंनीही, निदान काहीतरी चांगलं कानावर पडेल, म्हणून संमती दिली. या घरात दोघांचं एकमत क्वचित होतं. झालं की असं होतं.

शनिवारी मोघ्यांनी नियमाप्रमाणे आधी बॅटरीची तार काढली आणि कॅमेरा मागे व त्याचा पडदा पुढे बसवला. मग घरपोच मागवलेल्या मागच्या नव्या दिव्याची पोकळी उघडली, व्हिडिओतल्या रंगाची तार शोधली, ती मिळेना म्हणून त्या रंगाच्या जवळपासची शोधली, आणि भोंगा तिला जोडून आत बसवला. ती तार डिकीतल्या दिव्याची होती. तिच्यात वीज चोवीस तास असते. हे कळायला बॅटरी जोडलेली असावी लागते, आणि ती नव्हती. दिवा परत बसवताना त्याच्या खुंट्या तुटल्या. मोघ्यांनी लेप मळला आणि दिवा, भोंगा, तारा सगळं एकत्र लिंपून टाकलं. गाडीच्या आतलं आवरण घट्ट धरणारे काही प्लास्टिकचे खटके शेवटी उरले. ते त्यांनी डबीत ठेवले. काम झाल्यावर काही उरलं की त्यांना नेहमी वाटायचं, आपण कंपनीपेक्षा काटकसरीने जोडलं.

रात्रभरात लेप दगड झाला. आणि सकाळी तार जोडल्यावर आरती सुरू झाली.

ती कचऱ्याच्या गाडीची वेळ होती. गाणं वाजवत येणाऱ्या त्या गाडीसाठी लोक ओल्या-सुक्याचे डबे घेऊन फाटकात उभेच होते. त्यांनी आरती ऐकली आणि त्यांची पंचाईत झाली. हातात डबे आणि समोर आरती. काहींनी डबे खाली ठेवून हात जोडले. काहींनी एक डबा काखेत धरला. बाजूच्या घरातून हरी पाठक बाहेर आले. ते निवृत्त गणिताचे शिक्षक आणि कॉलनीच्या समितीचे सचिव. सगळे त्यांना पाठकसर म्हणत. बनियनवरच आले, पण डोक्याला टोपी होती.

मोघ्यांनी पाना तारेला लावला.

"काय करता मोघे?"

"बंद करतो सर."

"आरती? मध्येच?"

"आरती नाही सर, रिव्हर्स हॉर्न आहे."

"धून कसली?"

"आरतीची."

"मग?"

पाठकसरांच्या या 'मग?'ला इंदुरातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना उत्तर सापडलं नव्हतं. मोघ्यांनी पाना तारेवरून खाली घेतला.

"पुरी होऊ द्या, मग करा बंद."

"ती पुरीच होत नाही न सर."

हे खरं होतं. भोंग्यातली धून ध्रुवपदापर्यंत यायची, तिथे ठेच खायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तेवढ्यात प्रमोदिनीबाई निरांजन घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी परिस्थिती ऐकली आणि मोघ्यांच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"अहो, आज नको हं अर्धवट काही. आज ताईकडे जायचंय. आजच्या दिवशी आरती तोडायची आणि मग ती गल्ली... नको."

पाठकसरांनी तोडगा काढला. "यंत्राला जमत नाही तर आपण पुरी करू. म्हणा."

आणि सगळे म्हणायला लागले. गाडी तिच्या लयीत, लोक त्यांच्या लयीत. ध्रुवपदाला गाडी मागे फिरायची आणि माणसं पुढे जायची, तरी आरती पुरी झाली. मोघ्यांनी पाना उचलला.

पण मराठी घरांत एका आरतीवर कोणी थांबत नाही. देवीची सुरू झाली. मग शंकराची. दत्ताची संपली तेव्हा मोघ्यांना आशा वाटली, तर मागून कोणीतरी म्हणालं, विठोबाची राहिली. मोघे एका हाताने टाळी वाजवत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर सुजयचा निरोप वाचत होते: उतरलो. बॅग आली की निघतो. मंत्रपुष्पांजली झाली, साखर वाटून झाली, कचऱ्याची गाडी येऊन निघून गेली आणि तिच्यामागे डबे घेऊन पळणाऱ्यांनी जाताना मोघ्यांकडे एकदा वळून पाहिलं. मग मोघ्यांनी तार काढली. गाडी गप्प झाली.

आता गाडीपुढे दोनच मार्ग होते. आरतीसह चालायचं किंवा मौनात उभं राहायचं.

लेप फोडायचा प्रयत्न मोघ्यांनी स्क्रू ड्रायव्हरने केला, मग हातोडीने. स्क्रू ड्रायव्हर वाकला. आपण केलेलं काम इतकं पक्कं असतं, याचा त्यांना पहिल्यांदाच त्रास झाला. दिवा फोडावा तर मागचा दिवा पुन्हा फुटलेला, आणि सुजय विमानतळावरून निघालेला.

"काका साब, टेंशन मत लो," अर्पित भिया दातात जिलबी धरून म्हणाला. रविवारचे पोहे-जिलबी तो उघड्या बॉनेटखाली, बॅटरीशेजारी ठेवूनच खात होता. "फ्यूज निकाल देते हैं. फ्यूज निकला, खेल खतम."

"कोणता फ्यूज?"

"निकालेंगे तो पता चलेगा न भिया."

ही पद्धत शास्त्रीय होती, पण तिला वेळ लागत होता. एक फ्यूज काढायचा, तार जोडायची, आरती वाजते का बघायचं. दर वेळी वाजायची. आणि दर वेळी पाठकसर हात जोडून फाटकात हजर. शेवटी सचिव या नात्याने त्यांनी सवलत जाहीर केली: चाचणीपुरती वाजली तर पुरी करण्याची सक्ती नाही, मात्र सर्वांनी उभं राहावं. अर्पित भियाच्या हातून आतापर्यंत गाडीचा पुढचा साधा हॉर्न मेला होता, थंड हवेचा पंखा मेला होता आणि डावीकडची काच अर्धी खाली जाऊन थांबली होती. एक फ्यूज इंजिनात पडला. तो कशाचा होता ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणून मोघ्यांच्या मनात तो सगळ्यांत मोठा झाला. ब्रेकचा तर नसेल?

त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, गाड़ी चल रही है?"

"चल रही है. पर आरती भी चल रही है."

"गाड़ी चल रही है तो ब्रेकडाउन नहीं मान सकते सर."

"बेटा, बंद नहीं हो रही."

"गाड़ी बंद नहीं हो रही?"

"आरती बंद नहीं हो रही."

"सर, उसका ऑप्शन नहीं है मेरे पास. बाहर का सामान लगवाया है क्या? किसने लगाया?"

मोघ्यांनी हातातला पाना पाठीमागे धरला. "मिस्त्री ने," ते म्हणाले आणि फोन ठेवला. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोसमोर ते आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्री झाले होते.

एव्हाना कॉलनीच्या ग्रुपवर पलीकडच्या गल्लीतून तक्रार आली होती की सकाळी सकाळी लाउडस्पीकर कोणाच्या परवानगीने. पाठकसरांनी सचिव म्हणून मोघ्यांकडे खुलासा मागितला, आणि आरतीत सहभागी नागरिक म्हणून खाली स्वतःच खुलासा दिला. दोन्हीला अंगठे आले.

सुजय टॅक्सीतून उतरला तेव्हा बॉनेट उघडं होतं, बॅटरीशेजारी पोह्यांची बशी होती आणि गाडी गप्प होती. तो वडिलांच्या पाया पडला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. बॅटरीला जरा हवा देतोय."

सुजयने बशी पाहिली, वाकलेला स्क्रू ड्रायव्हर पाहिला, मागच्या दिव्याभोवतीचं राखाडी लिंपण पाहिलं. या लेपाशी तो लहानपणापासून परिचित होता. त्याच्या सायकलचं पेडल त्यातलंच होतं.

"चला मग. मावशीचा दोनदा फोन येऊन गेला. आई, बस."

मोघ्यांनी तार जोडली. आरती सुरू झाली. सुजयने पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. मोघे स्टिअरिंगमागे बसले, किल्ली फिरवली आणि समोरच्या नव्या पडद्यावर मागचं दृश्य उमटलं. मागचं घर छपरावर उभं होतं. त्याच्या खाली आकाश होतं. आणि वरून पाठकसर हात जोडून उलटे लोंबत होते. कॅमेऱ्यावर छापलेली अक्षरं सरळ दिसावीत, म्हणून मोघ्यांनी तो तसा बसवला होता.

"बाबा, हे काय आहे?"

"सुरक्षा."

"आणि हे उलटं?"

"त्याची सवय होते," मोघे म्हणाले. त्यांनी तो पडदा आयुष्यात पहिल्यांदा त्याच क्षणी पाहिला होता.

राऊहून बडा गणपतीपर्यंतचा प्रवास प्रमोदिनीबाई पुढे बरेच दिवस सांगत राहतील असा झाला. गाडीला हॉर्न नव्हता, पण त्याची गरज पडली नाही. राजेंद्र नगरला समोरचा ट्रॅक्टर बाजूला झाला. अन्नपूर्णा रोडवर एका स्कूटरवाल्याने सिग्नलला गाडीच्या टपाला हात लावून तो कपाळाला लावला. डावी काच अर्धी उघडी होती. तिच्यातून एका बाईने केळी आत दिली. केळी सुजयच्या मांडीवर पडली. "विसर्जन है क्या आज?" तिने विचारलं. "नहीं आंटी, टेस्ट ड्राइव है," सुजय म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, पण केळी त्याने परत केली नाहीत.

महू नाक्यावर मात्र हवालदाराने हात केला. मोघ्यांनी करकचून ब्रेक दाबला. इंजिनात पडलेला तो फ्यूज ब्रेकचा नव्हता, एवढं तिथे सिद्ध झालं.

"जुलूस की परमिशन?"

"जुलूस नाही साहेब, नहीं है. घर की गाड़ी है."

"पीछे तो लाइन लगी है."

मोघ्यांनी पडद्यात पाहिलं. खरोखरच मागे रांग होती. आकाशातून लोंबणाऱ्या गाड्या, रिक्षा, आणि दोन मोटारसायकली, ज्यांच्यावरची पोरं टाळ्या वाजवत होती. आरतीच्या गाडीला ओलांडून पुढे कसं जावं, म्हणून कोणी पुढे जात नव्हतं.

"बंद करो पहले."

"बंद नहीं होती," मोघे, प्रमोदिनीबाई आणि सुजय एकदम म्हणाले. सुजय या वाक्यात सामील झाला, ही गोष्ट मोघ्यांनी मनात जपून ठेवली.

हवालदाराने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. धून ध्रुवपदाला आली होती. त्याने टोपी नीट केली, नकळत मान झुकवली आणि म्हणाला, "चलो भिया, आगे बढ़ो. जल्दी निकलो."

गल्लीच्या तोंडाशी मोघ्यांनी गाडी थांबवून एकदा श्वास घेतला. आत शिरणं सोपं असतं. त्यांना आत शिरताना कधीच काही झालेलं नव्हतं. आरती ऐकून लोकांनी भिंतीलगतच्या स्कूटर उचलून दारात घेतल्या, कोणी वाळवणाची खाट उभी केली. गुरुवारी घासलेला ओटा उजव्या हाताला आला. त्याच्या मालकाने आजच सकाळी कड नवी बांधली होती. सिमेंट ओलं होतं, आणि वर खुणेची वीट होती. मालक ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या हातात फोन होता.

टोकाच्या घरापाशी गाडी थांबली. वरच्या खिडकीत कुमुदिनीताई दिसल्या. खिडकीशी त्या खुर्चीवर बसलेल्या असतात, पण आज गजाला धरून अर्ध्या उठल्या होत्या.

"ताई, अगं बस खाली!" प्रमोदिनीबाई गाडीतूनच ओरडल्या. "काही नाही, यांनी काहीतरी लावलंय गाडीला. बंद होत नाहीये."

"बंद कशाला? चालू दे न." कुमुदिनीताईंनी आत वळून कोणाला तरी निरांजन लावायला सांगितलं. "वर्षभर घंटा तेवढी ऐकू येते इथून. माझ्या दारात आरती आलीच नव्हती ग कधी."

मोघ्यांनी बॅटरीची तार काढायला पाना घेतला होता. तो त्यांनी परत सीटखाली ठेवला.

प्रमोदिनीबाई वर गेल्या. केस धुऊन झाले, वेणी झाली, त्या दिवशीच्या नातेवाइकांचं आटोपलं. तेवढा वेळ गाडी खाली वाजत राहिली, आणि बॅटरी बसेल की काय ही नवी काळजी मोघ्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारून काढली. सुजयने त्यांना एक केळं दिलं. दोघांनी उभ्याने खाल्लं. मुलाला काहीतरी बोलायचंय असं मोघ्यांना वाटलं. आपल्याला ते ऐकायचं नाही, असंही वाटलं. आरतीमुळे दोन्ही टळलं.

निघताना कुमुदिनीताई खिडकीतून म्हणाल्या, "गुरुवारी येताय न?"

प्रमोदिनीबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि काचेतून सुजयकडे बघत राहिल्या.

सुजय पुढे बसायला आला होता. करार तसाच होता. दार धरून तो थोडा वेळ उभा राहिला, मग ते त्याने बाहेरूनच लावलं.

"मी मागे उभा राहतो. सांगतो तुम्हाला."

"तू आत बसायचं ठरलं होतं."

"बाबा, पडदा उलटा आहे. मी सरळ आहे. माझ्याकडे बघा."

मोघ्यांनी गिअर मागे टाकला. गाडी हळूहळू निघाली. स्कूटर गेल्या, खाट गेली, नळाची तोटी गेली. वर खिडकीत निरांजन फिरत होतं. ओट्याचा मालक खुर्चीवरून उठला आणि त्याने फोन डोळ्यांसमोर धरला. मोघ्यांनी उजव्या आरशात पाहिलं: ओलं सिमेंट, वीट, आणि आरशाच्या कडेला संपणारं जग. मान वळवून पाहिलं: प्रमोदिनीबाईंची मान आड आलेली, त्यांचे डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. राहिला पडदा.

पडद्यात सुजय होता. पाय आकाशात, डोकं खाली, हात हलत असलेले. तळवे या बाजूला होते की त्या बाजूला, हे तेवढ्याशा पडद्यावर कळत नव्हतं. या म्हणत होता की थांबा म्हणत होता? तोंड उघडं होतं, म्हणजे ओरडत होता. आवाज आरतीत बुडाला होता. हॉर्न वाजवून विचारावं, तर हॉर्न नव्हता.

शेजारच्या सीटवर राहिलेला सुजयचा फोन उजळला. गाडी बघायला येणारा माणूस लवकर मोकळा झाला होता. राऊला निघू का, असं त्याने विचारलं होतं.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा गाडी आणि ओल्या कडेमध्ये बोटभर जागा होती, धून ध्रुवपदाला पोचत होती, आणि लक्ष्मीकांत मोघ्यांनी उलट्या सुजयकडे बघत, तो 'या'च म्हणतोय असं धरून, ब्रेकवरचा पाय उचलला होता.